दोन इंजिनांचं छोटं विमान घेऊन फॅमिलीसोबत लांबच्या ट्रिपा करणं खरंच आरामदायक असतं का?

तीन तासांपर्यंत हो. त्यापुढे माझ्या घरात तरी कोणी हो म्हणणार नाही.

मी डॅलसला राहतो, आम्हा तिघा मित्रांचं भागीदारीत जुनं बीचक्राफ्ट बॅरन 58 आहे, सत्तरच्या दशकातलं, 285 हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, प्रेशरायझेशन नाही, म्हणजे उंचावर आतला हवेचा दाब टिकवायची सोय नाही. सीट सहा आहेत, पण त्याला भुलू नका. इंधन, माणसं, सामान सगळं धरून साधारण 700 किलो उचलतं, 166 गॅलनच्या टाक्या फुल केल्या की 450 किलो तिथेच संपले, उरले 250, म्हणजे तीन मोठी माणसं आणि बॅगा. सहाजण बसवायचे तर टाक्या अर्ध्यासुद्धा भरता येत नाहीत.

जुलैत आई नाशिकहून आली होती, तिला आणि बायकोला घेऊन डेनव्हरला भावाकडे निघालो. हजार किलोमीटरच्या थोडं वर, ताशी साडेतीनशेने तीन तासांचं काम. मागच्या चार सीट समोरासमोर, ट्रेनच्या डब्यासारख्या, पाय पसरता येतात, आई खूश. पण निघायलाच दहा वाजले ही माझी चूक, कारण उन्हाळ्यात टेक्सासची जमीन तापली की खालून हवेचे असले धक्के बसतात की विचारू नका. आई डोळे मिटून म्हणाली, वणीच्या घाटातल्या एसटीतसुद्धा एवढं हललं नव्हतं रे. म्हणून बारा हजार फुटांवर गेलो, तिथे हवा शांत आणि गार, पण विरळ. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आईचा आकडा 87, लगेच नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. नियमाने तिथे कोणालाच सक्ती नाही, पायलटलासुद्धा साडेबारा हजारांच्या वर अर्धा तास झाल्यावर लागतो, पण सत्तरीच्या माणसाला नियम काय सांगणार. आणि तिने मांडीवर धरलेली लोणच्याची बरणी! बाहेरचा दाब कमी झाला तसं झाकणातून तेल यायला लागलं, सीटला अजून वास आहे.

टॉयलेट नसतं हे तर आधी सांगायला हवं होतं. टाकीत इंधन साडेचार तासांचं असलं तरी काय उपयोग, वाटेत टेक्सासमधल्याच अमारिलोला उतरलोच. तिथे इंधन भरलं की जेवायला जायला गाडी फुकट दिली, हा थाट मोठ्या एअरपोर्टवर नाही. पण परत येताना त्याच अमारिलोत वादळांमुळे दोन रात्री अडकलो. एअरलाइनवाले 35 हजारांवरून पुष्कळ ढग पार करतात, आम्हाला वळसा घालायचा नाहीतर खाली बसून राहायचं, आणि सोमवारी ऑफिस आहे म्हणून उडण्याचा मोह झाला तर तो वाईटच.

दुसऱ्या इंजिनाचं म्हणाल तर रात्री खाली एक दिवा दिसत नसताना फार धीर येतो हे खरं, पण वजन पूर्ण असेल तर एका इंजिनावर हे विमान जेमतेम सात हजार फुटांवर टिकतं. डेनव्हरच्या पश्चिमेला डोंगर चौदा हजारांचे आहेत, तिथे तो धीर कामाचा नाही. शिवाय टेकऑफनंतर लगेच एक बंद पडलं तर विमान त्या बाजूला जोरात वळतं, पाय क्षणात रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, पेडलवर पडायला हवा, त्याची प्रॅक्टिस इन्स्ट्रक्टरसोबत सतत करावी लागते.

खर्च? दोन्ही मिळून तासाला 30 गॅलन, म्हणजे नुसत्या इंधनाचे 200 डॉलरच्या आसपास, मेंटेनन्स सगळा डबल. तिघांची तिकिटं नक्की स्वस्त पडली असती. तरी मी विकत नाही, कारण भाऊ राहतो तिथून दहा मिनिटांवरच्या छोट्या एअरपोर्टला उतरतो आणि मला हवं तेव्हा निघतो.

घ्यायचंच ठरलं तर आधी तासाभरासाठी भाड्याने घ्या, इन्स्ट्रक्टर सोबत असू दे, फॅमिलीला मागे बसवा आणि मुद्दाम जुलैच्या दुपारी उडा. आणि बॅरनमध्ये 58 च बघा, 55 स्वस्त मिळतं पण त्याला मागचा मोठा दरवाजा नाही, आईला पंखावर चढवावं लागेल.