हापूसच्या ऑर्डर फॉर्मवर टप्पे दाखवणारी पट्टी कशी लावावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडच्या बागेतून थेट ग्राहकाला पेट्या पाठवता, साइटवर चार पानांचा ऑर्डर फॉर्म आहे, पहिल्या पानावर नाव-पत्ता-ईमेल आणि मग आंबा. लोक मध्येच सोडून जातात. वर टप्प्यांची पट्टी लावली तर टिकतील का, आणि ती प्लगइनशिवाय, म्हणजे बाहेरचा तयार जोड-प्रोग्राम न घेता, कशी लावायची? मी रत्नागिरीत बागायतदारांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या साइट करतो. हंगामात एकेक ऑर्डर किती मोलाची असते ते जवळून बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

नुसत्या पट्टीने लोक टिकतीलच असं नाही. मिशिगन विद्यापीठातल्या फ्रेडरिक कॉनरॅड आणि सहकाऱ्यांनी वेबवरची सर्वेक्षणं भरणाऱ्या लोकांवर प्रयोग केले, ते २०१० साली प्रसिद्ध झाले. पट्टी सुरुवातीला भराभर सरकली तर लोक टिकत होते, सुरुवातीला रेंगाळली तर जास्त जण सोडून जात होते. याचा अर्थ पट्टी खोटी पळवावी असा मी घेत नाही. पहिली पायरी खरोखरच हलकी करावी, असा घेतो. आंबा घ्यायला आलेल्या माणसाला आधी आंबा दाखवा: पेटी किती डझनांची, फळ कच्चं हवं की तयार, पेट्या किती. दोन-तीन टिचक्यांत पायरी संपते. मग पाठवायचा दिवस, मग पत्ता, शेवटी तपासणी आणि पैसे. एवढा क्रम बदललात तरी बराच फरक पडेल, आणि तो पट्टी लावण्याआधी बदला.

आता पट्टी. जावास्क्रिप्टमध्ये पायऱ्यांची एकच यादी ठेवा आणि पट्टी, मथळा, 'पुढे'चं बटण हे सगळं त्या यादीवरूनच काढा. 'चारपैकी दोन' हे आकडे हाताने कुठेही लिहू नका. कारण तुमच्याकडे दोन प्रकारचे ग्राहक असणार: एक घरपोच मागवणारा, दुसरा मुंबईत ठरलेल्या ठिकाणी येऊन पेटी उचलणारा. दुसऱ्याला पत्त्याची पायरी लागतच नाही. त्याच्यासाठी यादीतून ती पायरी गळाली की पट्टी आपोआप तीन टप्प्यांची व्हायला हवी. त्यासाठी 'घरपोच की येऊन घेणार' हा प्रश्न पहिल्याच पायरीवर विचारा, म्हणजे ग्राहक अर्ध्यावर आल्यावर एकूण आकडा बदलत नाही. मध्येच लांबलेल्या पट्टीवर कोणी परत विश्वास ठेवत नाही.

एचटीएमएलमध्ये (पानाच्या मांडणीच्या भाषेत) ही पट्टी म्हणजे साधी क्रमवार यादी, ओएल (ol) टॅग. चालू पायरीच्या एलआयवर (li, यादीतली एक नोंद) एरिया-करंट (aria-current) हे ॲट्रिब्यूट 'स्टेप' (step) या किमतीसह द्या. झालेल्या पायरीत 'पूर्ण' हा शब्द असा ठेवा की तो पडद्यावर दिसणार नाही, फक्त स्क्रीन रीडर (अंधांना पान वाचून दाखवणारा प्रोग्राम) वाचेल. एचटीएमएलचा प्रोग्रेस टॅग इथे वापरू नका. तो फाइल अपलोडसारख्या, यंत्राच्या बाजूने चाललेल्या कामासाठी आहे. इथे काम माणूस करतोय. पायरी बदलली की फोकस, म्हणजे ब्राउझरचं लक्ष जिथे आहे ती जागा, नव्या पायरीच्या मथळ्यावर न्या (त्यासाठी मथळ्याला टॅबइंडेक्स (tabindex) उणे १ द्यावा लागतो), नाहीतर न बघता फॉर्म भरणाऱ्याला पान बदललं हे कळतच नाही.

सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) पायऱ्या एका ओळीत यायला यादीला फ्लेक्स (flex), प्रत्येक पायरीला सारखी रुंदी, मधली जोडरेघ 'बिफोर' (::before) या स्यूडो-एलिमेंटने, म्हणजे सीएसएसनेच घातलेल्या जादा तुकड्याने. आकडे देवनागरी हवे असतील तर चित्रं बनवू नका, सीएसएस काउंटरला (आपोआप आकडे घालणाऱ्या सोयीला) 'देवनागरी' (devanagari) ही शैली मुळातच आहे. रंगाबद्दल मात्र माझा आग्रह आहे. आंब्याची साइट म्हणून सगळे पट्टी पिवळी करतात, आणि पांढऱ्यावर तो पिवळा उन्हात दिसत नाही. वेबच्या सुलभतेचे निकष अशा खुणांसाठी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे खूण आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, मागतात. गडद हिरवा घ्या आणि झालेल्या पायरीवर बरोबरची खूणही ठेवा, नुसत्या रंगावर विसंबू नका.

फोनच्या अरुंद पडद्यावर 'पाठवायचा दिवस'सारखी चार नावं शेजारी-शेजारी मावत नाहीत. तिथे नावं लपवून वर एकच ओळ लिहा: 'पायरी २ / ४ : पाठवायचा दिवस'. ओळीची उंची दीडपट तरी ठेवा. इंग्रजीसाठी बेतलेल्या उंचीत आपल्या वेलांट्या आणि उकार छाटले जातात.

अडचण बहुधा रकाने नीट भरलेत का याच्या तपासणीत येईल. सगळ्या पायऱ्या एकाच फॉर्ममध्ये, बाकीच्या लपवलेल्या, असं असेल तर लपलेल्या पायरीतला एखादा सक्तीचा रकाना रिकामा राहतो आणि ब्राउझर काही न सांगता फॉर्म पाठवायचं नाकारतो. ग्राहकाला वाटतं बटण बिघडलंय. म्हणून ब्राउझरची स्वतःची तपासणी बंद करायला फॉर्मला नोव्हॅलिडेट (novalidate) द्या आणि 'पुढे' दाबल्यावर त्या पायरीपुरती तपासणी स्वतः करा. पायरी फील्डसेटमध्ये (fieldset, रकान्यांचा गट करणारा टॅग) असेल तर फील्डसेटवरच चेकव्हॅलिडिटी (checkValidity, 'नीट भरलंय का' विचारणारी आज्ञा) बोलावून भागत नाही, ते नेहमी 'ठीक' असंच उत्तर देतं. आतला एकेक रकाना तपासावा लागतो.

'मागे' हा दुसरा मोठा विषय. अँड्रॉइडवर लोक तुमचं बटण सोडून फोनचंच मागे दाबतात, आणि अख्खा फॉर्म जातो. प्रत्येक पायरीला हिस्टरी-एपीआयच्या पुशस्टेटने (pushState) ब्राउझरच्या इतिहासात नोंद करा आणि 'मागे' दाबल्यावर येणाऱ्या पॉपस्टेट (popstate) या इशाऱ्यावर आधीची पायरी दाखवा. भरलेला मजकूर पायरीगणिक लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ग्राहकाच्याच ब्राउझरमधल्या साठ्यात, ठेवा. तुमचा ग्राहक कदाचित कोकण रेल्वेत बसून ऑर्डर देत असेल, एका बोगद्यात पान कोरं झालं तर तो पुन्हा पत्ता टाइप करायला बसणार नाही. ऑर्डर झाली की तो मजकूर पुसा, आणि पैशांबाबतचं काहीही तिथे ठेवू नका. झालेल्या पायऱ्यांवर मागे जाता यावं, न झालेल्यांवर उडी मारता येऊ नये.

शेवटची पायरी कधी पूर्ण दाखवायची, हे नीट ठरवा. यूपीआय ॲपमधून ग्राहक परत आला म्हणजे पैसे आले असं होत नाही. पेमेंट बराच वेळ प्रलंबित राहू शकतं. तुमच्या सर्व्हरला पेमेंट गेटवेकडून (तुमच्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून) पक्की खबर मिळेपर्यंत शेवटचा टप्पा चालूच दाखवा, खाली 'पैसे आल्याची खात्री करत आहोत, पुन्हा भरू नका' असं स्पष्ट लिहा आणि ऑर्डर क्रमांक द्या. खबर आली की मगच बरोबरची खूण.

प्लगइन घ्यायची गरज नाही. तुमची पायऱ्यांची यादी आणि लपवलेल्या रकान्यांचा भाग इथे टाकलात तर मी बघून सांगतो.