‘राक्षस’ नेफीलीम आणि ‘प्रक्षिप्त’ हनोख

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: बायबलच्या उत्पत्ति या पुस्तकात येणाऱ्या ‘नेफीलीम’ यांना मराठीत ‘राक्षस’ म्हणावे काय, आणि आदामापासूनच्या सातव्या पिढीतील ज्या हनोखाच्या नावावरील पुस्तकात त्यांची सविस्तर कथा सांगितली आहे ते पुस्तक ‘प्रक्षिप्त’ आहे असे एका लेखात म्हटले होते, तो शब्दप्रयोग योग्य आहे काय? माझ्या मते दोन्ही शब्द चुकतात. पहिल्याने अर्थाची छटा बिघडते, तर दुसऱ्याने ग्रंथाविषयी चुकीची माहितीच दिली जाते.

उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायातील मजकूर अगदी त्रोटक आहे. देवपुत्रांनी मानवकन्या बायका केल्या, त्या काळी पृथ्वीवर नेफीलीम होते, आणि त्या संबंधांतून झालेली संतती म्हणजे प्राचीन काळचे नामांकित वीर, एवढेच तेथे सांगितले आहे. त्यांच्या उंचीविषयी एक शब्दही नाही. नेफीलीम म्हणजेच ती संतती की तिच्याआधीपासून असलेले कोणी, हेही वाक्यरचनेवरून निःसंशय ठरत नाही. हा शब्द पुन्हा येतो तो गणना या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात. कनान देश हेरून आलेले इस्राएली लोक सांगतात की तेथे आम्ही नेफीलीम पाहिले आणि त्यांच्यापुढे आम्ही स्वतःला टोळांसारखे वाटलो. उंचीचा उल्लेख काय तो इथे आहे, आणि तोही घाबरलेल्या हेरांच्या तोंडी, ज्यांच्या वृत्तांताला त्याच अध्यायात देशाची बदनामी म्हटले आहे.

हिब्रूत या शब्दाचा संबंध सामान्यतः ‘पडणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात, आणि त्यामुळे ‘पतित’ हा अर्थ पुष्कळांना मोहात पाडतो. परंतु पडले ते स्वर्गातून, नीतीतून की रणात, याचा निर्णय व्युत्पत्ती करू शकत नाही. धिप्पाडपणा या शब्दाला ठळकपणे चिकटला तो ग्रीक भाषांतरात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील यहुदी भाषांतरकारांनी येथे ‘गिगांतेस’ हा शब्द वापरला. हे ग्रीक पुराणकथांतील भूमिपुत्र होत, ज्यांनी ऑलिंपसच्या देवांशी युद्ध केले. गंमत अशी की त्याच ओळीतील ‘वीर’ या निराळ्या हिब्रू शब्दासाठीही त्यांनी ‘गिगांतेस’च योजला, त्यामुळे मूळची संदिग्धता एका फटक्यात नाहीशी झाली. पुढे लॅटिनने तोच शब्द उचलला आणि युरोपातल्या अनेक भाषांतरांनी लॅटिनचा कित्ता गिरवला.

मराठी बायबलांत कोठे ‘महाकाय’ आढळतो, तर कोठे ‘नेफीलीम’ हाच शब्द ठेवलेला दिसतो. ‘महाकाय’ला माझी एवढीच तक्रार आहे की तो मूळ वाक्यात नसलेली उंची सांगतो, शिवाय मराठी कानाला तो ‘वक्रतुंड’च्या पाठोपाठ येण्याची सवय असल्यामुळे त्याला एक मंगल सूर आहे, जो येथे अनाठायी वाटतो. ‘राक्षस’ मात्र टाळावाच. आपल्याकडे राक्षस ही स्वतंत्र योनी आहे. मायावीपणा, निशाचरवृत्ती आणि यज्ञविध्वंस या गोष्टी त्या शब्दाबरोबर आपोआप येतात. ‘दैत्य’ आणि ‘दानव’ हे तर मातृवंश सांगणारे शब्द असल्याने दिती आणि दनू यांना उगाच कनान देशात नेऊन बसवतात. उत्पत्तीच्या भाषांतरात ‘नेफीलीम’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी थोडा खुलासा करावा, हे मला अधिक बरे वाटते.

हनोखाच्या पुस्तकाविषयी बोलताना मात्र ‘महाकाय’ म्हणण्यास हरकत नाही, कारण तेथे कथा खरोखरच आकाराची आहे. दोनशे ‘जागृत’ देवदूत हर्मोन पर्वतावर शपथ घेऊन उतरतात, मानवी स्त्रियांशी विवाह करतात, माणसांना शस्त्रे घडवणे, दागदागिने आणि मंत्रतंत्र शिकवतात, आणि त्यांची संतती माणसांचे सारे कष्टार्जित खाऊन शेवटी माणसांनाच खाऊ लागते. या संततीची उंची तीन हजार हात सांगितली आहे. म्हणजे प्रत्येक जण कळसूबाईपेक्षा थोडासाच ठेंगणा! या महाकायांच्या मृत्यूनंतर त्यांच्या देहांतून दुष्टात्मे निघाले, असेही हा ग्रंथ सांगतो. भुताखेतांची उत्पत्ती सांगण्याची ही खटपट उत्पत्तीच्या चार ओळींत कोठेही नाही.

आता ‘प्रक्षिप्त’. हा शब्द मराठीत पाठचिकित्सेतून रुळला आहे आणि त्याचा अर्थ नेमका आहे: एका ग्रंथात मागाहून दुसऱ्याने घुसडलेला मजकूर. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो असे बजावले, तेव्हा त्यांच्यासमोर होता तो प्रक्षेपाचाच धोका. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग मिसळले, त्याची चर्चाही याच सदरात येते. प्रक्षिप्त ठरण्यासाठी आधी यजमान ग्रंथ लागतो. हनोखाचे पुस्तक कशातही घुसडलेले नाही. तो स्वतंत्र, निरनिराळ्या काळी लिहिलेल्या भागांचा संग्रह आहे, आणि त्याच्या सर्वांत जुन्या भागांचे अरमाईक अवशेष मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडले आहेत, ज्यांतील सर्वांत जुनी प्रत इसवी सनापूर्वी 200 च्या आसपासची मानली जाते. तो हनोखाने लिहिला नाही हे खरे. पण मग त्याला ‘हनोखाच्या नावावर लिहिलेला’ म्हणावे, कारण ती कर्तृत्वाची बाब झाली आणि प्रक्षेप ही पाठाची.

वस्तुतः त्या लेखाच्या लेखकाला सांगायचे असावे ते तिसरेच, म्हणजे या ग्रंथाला धर्मात प्रामाण्य नाही. त्यासाठी ‘अप्रमाण’ हा शब्द आहे आणि तो चांगलाही आहे, पण प्रामाण्य हा ग्रंथाचा अंगभूत गुण नसून ग्रंथ आणि समाज यांच्यातील संबंध आहे, त्यामुळे कोणाला अप्रमाण हे सांगितल्याशिवाय तो वापरता येत नाही. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हनोखाचे पुस्तक बायबलमध्येच आहे. गीझ या इथिओपियाच्या प्राचीन भाषेतील त्याचा संपूर्ण पाठ याच चर्चने जपला, आणि जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने 1773 मध्ये त्याच्या हस्तलिखित प्रती युरोपात आणल्या. यहुदी, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परंपरांनी तो स्वीकारला नाही. यहुदी परंपरेत अशा लेखनाला ‘बाहेरचे ग्रंथ’ असा शब्द आहे, आणि मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात रब्बी अकिवांच्या नावे असे वचन आहे की ते वाचणाऱ्याला परलोकात वाटा नाही. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायातील ‘वेदबाह्य’ स्मृती निष्फळ असल्याचे वचन ज्यांना आठवते, त्यांना हा सूर परका वाटणार नाही.

प्रामाण्याची ही रेषा सुरुवातीपासून ठळक नव्हती. नव्या करारातील यहूदाच्या पत्रात ‘आदामापासून सातवा’ असलेल्या हनोखाने संदेश दिला असे म्हणून त्याच्या पुस्तकातील वचन उद्धृत केले आहे. यावरून ग्रंथ प्रमाण ठरतो असे पुष्कळ जण म्हणतात. मला हा युक्तिवाद पटत नाही, कारण नव्या करारातीलच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौल अराटस या ग्रीक कवीची ओळ उद्धृत करतो, म्हणून ते काव्य शास्त्र झाले नाही. मात्र यहूदा येथे ‘संदेश दिला’ असे भविष्यवाद्याला शोभणारे क्रियापद वापरतो, हे विरुद्ध पक्षाचे बळ मान्य केले पाहिजे. सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांपैकी तेर्तुलियनने याच पत्राचा आधार घेऊन हनोखाची बाजू मांडली आणि हा ग्रंथ जलप्रलयातून नोहाने वाचवला असेल अशी शक्यताही सुचवली. जेरोम मात्र नोंदवतो की हनोखाच्या या उद्धरणामुळे अनेकांनी यहूदाचे पत्रच नाकारले. ऑगस्टिनने हनोखाला बाहेर ठेवले आणि ‘देवपुत्र’ म्हणजे आदामाचा मुलगा शेथ याचे वंशज असा अर्थ धरून देवदूतांच्या विवाहांचा प्रश्नच मिटवला.

‘अपॉक्रिफा’ या शब्दाचाही गोंधळ होतो. प्रोटेस्टंट वापरात तो मुख्यतः बारूख, सीराख, शलमोनाचे ज्ञान अशा पुस्तकांसाठी आहे, जी कॅथलिकांना प्रमाण असून 1546 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तसे जाहीर केले. या तिन्हींत प्राचीन महाकायांचे उल्लेख आहेत. म्हणजे ‘महाकायांची कथा फक्त बायबलबाह्य ग्रंथांत विस्तारते’ असे वाक्य लिहिले, तर ते वसईतील कॅथलिक वाचकाला एका अर्थाने आणि अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) प्रोटेस्टंट वाचकाला दुसऱ्या अर्थाने लागेल.

तेव्हा त्या लेखातले वाक्य मी असे लिहीन: ‘नेफीलीमांची सविस्तर कथा हनोखाच्या नावावर असलेल्या ग्रंथात येते, हा ग्रंथ इथिओपियन चर्चला प्रमाण आहे, बहुतेक इतर ख्रिस्ती परंपरांना आणि यहुद्यांना नाही.’ यात ‘नेफीलीमांची’ हे रूप मुद्दाम ठेवले आहे. हिब्रूत ‘ईम’ हा अनेकवचनाचा प्रत्यय असल्यामुळे शब्द मुळातच अनेकवचनी आहे. त्याला मराठी विभक्ती लावण्यास हरकत नाही, पण ‘एक नेफीलीम’ असे लिहिणे टाळावे.