महेश्वरातले रात्रीचे जेवण नेमके कशाने बिघडले

लहान गावातल्या रेस्टॉरंटमध्ये रात्रीचे जेवण फसले तर दोष कुणाचा मानावा आणि तिथल्या तिथे काय करता येते, असे आपण विचारले आहे. मी इंदूरचा राहणारा आहे आणि बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना महेश्वर दाखवून आणणे हे आमच्या घरी ठरलेले काम असते, म्हणून तिथल्याच एका रेस्टॉरंटचा अनुभव सांगतो. जागेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या जेवणात जे बिघडले ते पर्यटकांच्या बहुतेक गावांत थोड्याफार फरकाने असेच बिघडते.

पुण्याहून मावशी आणि काका आले होते. नर्मदेच्या घाटावरून परतताना रस्त्यावर ‘अस्सल माळवी दाल-बाफले’ अशी पाटी दिसली आणि काकांनी तिथेच जेवायचे ठरवले. ज्यांना बाफले ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगायचे तर, गव्हाच्या जाडसर पिठात तुपाचे मोहन घालून ते घट्ट मळतात, त्याचे गोळे हळद घातलेल्या उकळत्या पाण्यात तरंगून वर येईपर्यंत शिजवतात, निथळून कोरडे झाल्यावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर किंवा भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच फोडून तुपात बुडवतात. बाटी नुसती भाजलेली असते. बाफला आधी उकडलेला असतो, म्हणून तो आतून मऊ आणि भुसभुशीत लागतो. पण हा मऊपणा फार वेळ टिकत नाही. गार झालेला बाफला आवळून येतो आणि पुन्हा गरम केला तर बाहेरून चामड्यासारखा चिवट होतो.

आमच्या ताटात जे आले ते नेमके असेच होते. हाताने फुटेना म्हणून काकांनी चमच्याची कड लावली, तेव्हा आत पांढुरका, पिठूळ गाभा दिसला. तूप वरून ओतलेले होते आणि ते ताटाच्या खळग्यात जमले होते; आत एक थेंबही मुरला नव्हता. वरणात गरम पाणी नुकतेच वाढवलेले असावे, कारण डाळ खाली आणि पाणी वर अशी दोघांची फारकत स्पष्ट दिसत होती. लाडू फ्रिजमधला. मावशीने एक घास चावून पाहिला आणि म्हणाली, “अरे, हेच का तुमचे ते कौतुकाचे बाफले? घरी माझ्या हातून असे झाले असते तर तुझ्या काकांनी ताट सरकवले असते.” काका काही बोलले नाहीत, ही गोष्ट माझ्या मते बोलकी होती.

मी मालकांना बोलावून शांतपणे विचारले, तर ते सरळ म्हणाले, “भिया, सच बोलूँ तो बाफले दिन की चीज़ हैं.” हे उत्तर मला पटले, कारण आमच्याकडेही दाल-बाफल्यांचा बेत रविवारी दुपारी असतो आणि त्यानंतर घरातले कुणी संध्याकाळपर्यंत उठत नाही. रात्री नऊ वाजता चार माणसांसाठी कुणी नव्याने पीठ मळून, गोळे उकडून, भट्टी लावणार नाही. पाटीवर मात्र पदार्थ दिवसभर टांगलेला राहतो, कारण प्रवासी तोच मागतो.

त्याहून मोठी गफलत भूगोलाची आहे. महेश्वर माळव्यात नाही. इंदूरहून घाट उतरलो की आपण निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात येतो, आणि तिथले घरचे जेवण ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, अंबाडीची भाजी आणि झणझणीत लाल मिरची असे असते. बिलाची वाट पाहत होतो तेव्हा मागच्या दाराशी स्वयंपाकी स्वतः जेवायला बसलेला दिसला. त्याच्या ताटात भाकरी होती, अंबाडी होती आणि तिच्यावर कच्च्या तेलाची धार होती. मेन्यूकार्डात यातले काहीही नव्हते. होती ती पनीरच्या भाज्यांची लांबलचक यादी, जिच्यात नावे निरनिराळी आणि लाल रस्सा बहुधा एकाच पातेल्यातला असतो.

म्हणून माझा सल्ला असा आहे की, कार्ड उघडण्याआधी ‘आत्ता ताजे काय होईल’ हे विचारावे आणि पहिल्या फेरीत थोडेच मागवावे. बिघडलेला पदार्थ दोन घासांनंतर लगेच सांगावा. ताट संपवून केलेली तक्रार कुणी मनावर घेत नाही, आणि घेऊही नये. आमचे बाफले मालकांनी कुरकुर न करता परत नेले आणि शेव-टमाटर व तव्यावरच्या गरम पोळ्या करून दिल्या. त्या उत्तम होत्या, त्यामुळे त्या स्वयंपाक्याला रांधता येत नाही असे मी म्हणणार नाही.

बिल मात्र वाचून द्यावे. आमच्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क परस्पर लावले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असे शुल्क आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. मी एवढे सांगताच ते काढले गेले. नसते काढले तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक होताच. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी 5 टक्के असतो, आणि कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असलेला दुकानदार तो ग्राहकाकडून वेगळा घेऊ शकत नाही. जेवण केवळ बेचव होते म्हणून कुठेही दाद मागता येणार नाही. परंतु अन्न आंबलेले किंवा नासलेले असेल, तर बिलावर छापलेला एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक देऊन अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, म्हणून बिल फेकून देऊ नये.