सिकलसेलचं लेकरू दुखतंय म्हणतं तेव्हा

मागच्या वेळी सिकलसेल या आईबाबांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराबद्दल लिहिलं आणि त्यावर खूप प्रश्न आले, पण पालकांपेक्षा जास्त आशाताई, शिक्षिका, नर्स यांचे. मला त्याचा फार आनंद झाला, कारण आपल्या विदर्भात हा आजार एवढा आहे तरी या मुलांशी रोज संबंध येणाऱ्या माणसांना शिकवायचं काम अजून खूप बाकी आहे. पाच प्रश्न घेते.

प्रश्न : रामटेककडच्या झेडपी शाळेत शिकवते. चौथीतला एक मुलगा एसएस (आई आणि बाबा दोघांकडून सिकल आलेला, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण) आहे. थंडीत सारख्या दांड्या, आला की हातपाय दुखतात म्हणतो आणि मधल्या सुट्टीत पळताना दिसतो. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात नाटक करतो.

मॅडम, नाटक नाहीये. ऑक्सिजन कमी पडला की या मुलांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात, पुढे रक्त पोचत नाही तिथे दुखतं, आणि हे दुखणं येतं-जातं, त्यामुळे सकाळी रडलेला मुलगा दुपारी पळू शकतो आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. थंडी, कमी पाणी, ताप, दमछाक यांनी दुखणं उठतं. म्हणून पाण्याची बाटली बेंचवरच असू द्या आणि लघवीला कधीही जाऊ द्या, या मुलांच्या किडनीला लघवी घट्ट करून पाणी वाचवता येत नाही, म्हणजे त्याला जास्त प्यावं लागतं आणि जास्त वेळा जावंही लागतं, आणि आपल्याकडे मार्चपासूनच ऊन किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको. उन्हात उभं करायची शिक्षा कधीच नाही. खेळू द्या, फक्त थांबतो म्हणाला की थांबू द्या. ताप १०१ च्या वर गेला तर गोळी देऊन संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. तोंड वाकडं झालं, एका हातातली ताकद गेली, बोलणं अडखळलं तर तो लकवा असू शकतो, लहान मुलांनाही होतो, एक मिनिट घालवू नका. आणि हो, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये सिकलसेल आहे, आईवडिलांना प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला सांगा.

प्रश्न : वॉर्डात नाइट ड्युटीला असते. सिकलसेलची १४ वर्षांची एक मुलगी दर दोन महिन्यांनी दुखण्यासाठी ॲडमिट होते आणि दुखणं थांबवणाऱ्या इंजेक्शनचं नाव घेऊन मागते. सिनियर म्हणतात सवय लागलीय, थोडं थांबव.

सिस्टर, दम्याचा पेशंट पंपाचं नाव घेऊन मागतो तेव्हा आपण असं म्हणतो का? तिने हे दुखणं इतक्या वेळा सोसलंय की कशाने थांबतं ते तिला पाठ झालंय. आल्यापासून एका तासाच्या आत पहिला डोस मिळाला पाहिजे आणि मग दर अर्ध्या-एक तासाने पुन्हा विचारायचं, किती दुखतंय. लहान मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवून विचारा. आणि एक गोष्ट मी स्वतः उशिरा शिकले, खूप वर्षं दुखणं सोसलेलं मूल रडत नाही, भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहतं, मोबाइलसुद्धा बघतं. ते शांत दिसलं की आमचा हात आधी दुसऱ्या बेडकडे जायचा, आणि ते चुकीचं होतं.

प्रश्न : कामठी रोडकडच्या वीटभट्टीवर लसीकरणाला जाते. छत्तीसगडहून आलेल्या मुलांकडे कार्डच नसतं.

कार्ड नाही म्हणून लस नाकारायची नाही, आणि राहिलेला डोस असेल तर तिथूनच पुढे चालू करायचं, पहिल्यापासून नाही. न्यूमोकॉकलची (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची) लस तर नक्की बघा, सिकलसेलच्या मुलांसाठी ती जीव वाचवणारी आहे.

प्रश्न : आशा आहे. तपासणीला मुलींचे आईबाप नाही म्हणतात, लग्न मोडेल म्हणतात.

ताई, जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं तेव्हापासून हा आजार जास्त असलेल्या आदिवासी भागांत ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायची आहे, म्हणून मुलाचीही करा, फक्त मुलीचं नाव पुढे येऊ देऊ नका. सोल्युबिलिटी ही पहिली झटपट रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजारच आहे असं लगेच सांगू नका, ती फक्त सिकल आहे एवढं सांगते, वाहक (एकाच पालकाकडून सिकल आलेला) की रुग्ण ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या लॅबमधल्या तपासण्यांनीच कळतं. समजवायला मी दोन नाणी घेते, एक आईचं, एक बाबांचं, छापा म्हणजे सिकल. दोघं वाहक असले तर दर गरोदरपणात नाणी नव्याने उडतात, दोन्ही छापा पडायची शक्यता चारात एक. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तिघं सुटली असं नसतं. वाहक मुलगी आजारी नाही, हे सासूसमोर सांगा. रिपोर्ट मात्र चावडीवर वाचायचा नाही.

प्रश्न : पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर आहे. स्टाफला पीपीटी दाखवतो, नंतरच्या टेस्टमध्ये सगळे पास होतात, पण गावात काही बदलत नाही.

डॉक्टर, पीपीटी अर्धी करा आणि एका आईला बोलवा. आमच्या एका ट्रेनिंगला पारशिवनीकडची एक आई आली होती, कडेवर तीन वर्षांचं लेकरू. नर्सिंगच्या मुली डाव्या बरगडीखाली प्लीहा (रक्त गाळणारा पोटातला अवयव) शोधत होत्या, सापडेना, तेव्हा ती म्हणाली, "बाई, बोटं खुपसू नका, लेकरू पोट आखडते, असा सपाट हात ठेवा अन् त्याले श्वास घेऊ द्या." मग पिशवीतून तिने आइस्क्रीमची काडी काढली, पेनाने रेघ मारलेली. रोज अंघोळीनंतर ती मोजते, प्लीहा रेघेच्या पुढे गेली की लेकरू घेऊन निघायचं. कारण रक्त अचानक प्लीहेत साठलं तर काही तासांत मूल पांढरंफटक पडतं आणि दगावतं. जमैकात किंग्स्टनच्या डॉक्टरांनी आयांना हेच चाचपायला शिकवलं आणि या कारणाने होणारे मृत्यू कमी झाले. तुमच्या पीएचसीत असं मूल असेल तर पुढच्या ट्रेनिंगला त्याची आई बोलवा, तिच्या त्या दिवसाच्या मजुरीची सोय करा, आणि प्रत्येक एएनएमचा (गावातल्या नर्सताईचा) हात एकदा तिच्या हाताखाली जाऊ द्या.