डाएट चार्टच्या आधीची केमिस्ट्री

प्रश्न : ताई, मी बारावी सायन्सला आहे. गणित सोडून बायोलॉजी घेतलंय. मला फूड सायन्स अँड न्यूट्रिशन शिकायचंय. काका म्हणतात, "डाएट चार्ट मोबाइलवर फुकट मिळतात, त्यासाठी तीन-चार वर्षं कशाला घालवतेस?" त्यांना काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : काकांना सांग, चार्ट अगदी शेवटी येतो. आधी भरपूर केमिस्ट्री आहे. डाळीतलं प्रोटीन मोजताना केल्डाल पद्धतीने तिच्यातला नायट्रोजन काढतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. म्हणजे मोजला जातो तो नायट्रोजन, प्रोटीन नव्हे. 2008 मध्ये चीनमधलं मेलामाइनचं प्रकरण याच फटीतून घडलं. मेलामाइन हे प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन. त्यात नायट्रोजन खूप, त्यामुळे ते मिसळल्यावर पाणी घातलेलं दूधही तपासणीत कसदार ठरलं. तान्ह्या बाळांना मूतखडे झाले, काही दगावली. हे मी पहिल्या वर्षालाच शिकवते. पाकिटावरचा आकडा आला कुठून, हे विचारायची सवय तेव्हाच लागायला हवी.

मी हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा दिवाळे कोळीवाड्यातल्या एक आजी डायलिसिसवर होत्या. हातात छापील चार्ट : ओट्स, सफरचंद, उकडलेल्या भाज्या. मासळीचं नावही नाही. घरी काय काय खाता, हे बोलता बोलता कळलं की अशक्तपणा वाटतो म्हणून मुलगा रोज शहाळं आणतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, रक्तात साचलं की हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळं आणि खारा बांगडा बंद केला. ताजी मासळी मात्र मोजून चालू ठेवली, कारण डायलिसिसमध्ये प्रोटीन लागतंच. फुकटच्या चार्टला ते शहाळं दिसलं नसतं गं.

आता तुझ्यापुरतं. माटुंग्याच्या आयसीटीतलं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) फूड इंजिनीअरिंग गणिताशिवाय होत नाही, तो विचार सोड. न्यूट्रिशनसाठी जुहूच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या आवारातलं होम सायन्सचं कॉलेज बघ. कुठेही फॉर्म भरण्याआधी अभ्यासक्रम मागून घे. बायोकेमिस्ट्री आणि फूड मायक्रोबायोलॉजी नीट नसेल, तर नाव कितीही आकर्षक असो, जाऊ नकोस. हॉस्पिटलमध्येच काम करायचं असेल तर पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि इंटर्नशिप धरून चाल.

जुहूला जायचं तर ठाणे, दादर अशा गाड्या बदलत सांताक्रूझ गाठावं लागेल. प्रॅक्टिकलच्या दिवशी उशीर होईल, ते घरी आत्ताच बोलून ठेव.