‘पहिला नंबर दुसऱ्या कुणाला देणार होते?’

ताई,
आमचं घर कृष्णाकाठचं. सासरे वीस वर्षं कारखान्याचे चेअरमन, मिस्टर जिल्हा परिषदेत. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीला. कॉलेज आमच्याच संस्थेचं. तीन महिन्यांपूर्वी त्याला वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर मिळाला. घरी आला आणि ट्रॉफी कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणाला, ‘पहिला नंबर दुसऱ्या कुणाला देणार होते?’ मी ती धुऊन-पुसून शोकेसमध्ये ठेवली. तेव्हापासून तो रात्रभर जागा असतो, दिवसा झोपतो, जेवण निम्म्यावर आलंय. परवा म्हणाला, ‘मी नसलो तरी कुणाचं काही अडणार नाही.’ सासरे म्हणतात, लाडानं बिघडलाय, कारखान्यावर पाठवा. डॉक्टरकडे न्यावं तर गावभर होईल, आणि निवडणूक तोंडावर आहे. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस, कार्यकर्त्यांनी फ्लेक्ससुद्धा टाकलेत छापायला. त्याला काय कमी पडलं हो?
– एक आई

वहिनीसाहेब (गावात तुम्हाला असंच म्हणत असणार),

‘मी नसलो तरी’ हे वाक्य तुम्ही सासऱ्यांचं मत आणि फ्लेक्स यांच्या आधी घाईत उरकलंत. मी तिथूनच सुरुवात करते, बाकीचं नंतर.

आज रात्री त्याच्या खोलीत जाऊन बसा आणि सरळ विचारा, ‘तुला जीव नकोसा झालाय का? मरावंसं वाटतं का?’ असं विचारलं की नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. तो ‘हो’ म्हणाला, तर शपथा घालू नका, आजोबांच्या अब्रूचं नाव काढू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरात परवान्याचं पिस्तूल असेल, तर आचारसंहितेत जमा करता तसं ते आताच पोलीस ठाण्यात जमा करा. निवडणुकीसाठी जे निमूट करतो, ते पोरासाठी करायला काय हरकत आहे? शेतीची औषधंही कुलपात जाऊ देत. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

आता ‘काय कमी पडलं’.

तुमच्या मुलानं तुम्हाला उत्तर दिलंय, तेही एका वाक्यात. परीक्षक कोण होते? त्याच्या आजोबांच्या संस्थेत पगार घेणारे शिक्षक. तो चांगला बोलला की वाईट, हे त्याला कळायला मार्गच नाही. कदाचित तो खरोखर उत्तम बोलला असेल. मित्र त्याच्याजवळ बसतात ते त्याच्यासाठी की गाडीसाठी, सर हसतात ते विनोदाला की चेअरमनसाहेबांना, हा हिशेब तो रोज मनात मांडत असणार. साध्या घरातल्या पोराला निदान शिव्या तरी खऱ्या मिळतात! तुमच्या पोराला तेवढंही नाही. गंमत म्हणून लिहीत नाहीये. सगळ्यांनी कौतुकच करायचं ठरवलं, की त्या कौतुकाला किंमत उरत नाही आणि माणूस स्वतःबद्दल अंधारात राहतो.

हे दुखणं तुमच्या एकट्याच्या घरातलं नाही. सुनिया लूथर या भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत गरीब वस्त्यांतल्या मुलांचा अभ्यास करत होत्या. तुलनेसाठी त्यांनी श्रीमंत उपनगरातली मुलं घेतली. 1999 साली निष्कर्ष छापून आले, तर नशापाणी आणि चिंता श्रीमंतांच्या मुलांतच जास्त. पुढं त्यांनी कारणं शोधली, तेव्हा दोन ठळक दिसली : सतत अव्वल राहण्याचा ताण आणि आईवडलांपासून तुटलेपण. पैसा वाईट असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही म्हणत नाही. गरिबी माणसाला काय करते ते आपण रोज बघतो. पण घरात पैसा आहे म्हणून पोर सुखात आहे, असं धरून चालता येत नाही.

आणि ‘काय कमी आहे’ हा प्रश्न औषधाच्या उलट काम करतो. आमिर खानची मुलगी आयरा हिनं 2020 च्या जागतिक मानसिक आरोग्य दिनी आपल्याला चार वर्षांहून जास्त काळ नैराश्य असल्याचं जाहीर सांगितलं. पुढं तिनं हेही बोलून दाखवलं, की आपल्याकडे तर सगळं आहे, मग आपल्याला नैराश्य यायचं कारण काय, हा प्रश्न तिलाही पडायचा. म्हणजे दुखणं एक, आणि दुखतंय याची लाज दुसरी. तुमचा मुलगा हा प्रश्न स्वतःला विचारून थकला असेल. तुम्ही तरी पुन्हा विचारू नका.

डॉक्टरांचं म्हणाल, तर गावातल्या दवाखान्यात नेऊ नका, हे मला पटतं. तिथला कंपाउंडरसुद्धा तुमचा कार्यकर्ता असेल. पुण्याला किंवा मुंबईला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. पण गावापासून लपवणं वेगळं आणि घरात लपवणं वेगळं. ‘कुणाला कळता कामा नये’ असं त्याला बजावलंत, तर तो ‘मी घराण्याला डाग’ एवढंच ऐकेल. त्याला सांगा, ‘कुणाला सांगायचं ते तू ठरव.’

कारखान्यावर पाठवणं आत्ता मुळीच नको. तिथं तर फाटकापासून सलाम सुरू होतात. हॉस्टेलचा विचार तो सावरल्यावर, त्याला विचारून. जिथं त्याचं आडनाव कुणाला ठाऊक नाही अशा ठिकाणी बक्षिसात तिसरा आला, तरी ते त्याचं असेल.

मिस्टरांसाठी एकच काम. लूथर यांच्याच पुढच्या अभ्यासात, बहुतेक रात्री आई किंवा वडलांबरोबर जेवणारी मुलं बरी असल्याचं दिसलं होतं. तुमच्याकडे रात्रीची पंगत बाहेरच्या हॉलमध्ये कार्यकर्त्यांबरोबर होत असणार, म्हणून लिहिते. आठवड्यातून चार रात्री त्यांनी आत, स्वयंपाकघरात, फोन बाहेर ठेवून जेवावं. भाषण नको, चौकशी नको. जेवावं फक्त.

फ्लेक्स मात्र थांबवा. प्रेसला फोन करून ऑर्डर रद्द करा, पैसे गेले तर गेले. चौकाचौकात ‘भावी आमदार’ म्हणून त्या पोराचा फोटो लागणार, आणि तो खोलीत पांघरूण ओढून पडलेला. सासऱ्यांना राग येईल. येऊ दे. निवडणुकीत पोस्टर कमी लावलं म्हणून अजून कुणाचा नातू गेलेला नाही, असं त्यांना माझ्या नावानं सांगा. वाढदिवसाला काय हवं ते त्यालाच विचारा. ‘काहीच नको’ म्हणाला, तर खरोखर काहीच करू नका.

आणि ती ट्रॉफी शोकेसमधून काढा. त्यानं टाकलेली वस्तू तुम्ही पाहुण्यांना दिसेल अशी मांडलीत, ते तो रोज बघतोय. त्याच्या हातात द्या आणि म्हणा, ‘मी तेव्हा तुझं ऐकलं नाही. आता हिचं काय करायचं ते तू सांग.’