रजिस्टर लग्न करतोय, देवाधर्माचं काही नको. मग हळद, मंगळसूत्र, गोंधळ यातलं काय ठेवावं?

‘घरचे म्हणतात, रजिस्टरच करताय तर हळद तरी कशाला’ हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. 2011 साली आमच्या सोप्यात बसून माझ्या थोरल्या चुलत्यांनी, अण्णांनी, मला हेच ऐकवलं होतं. “एक तर सगळं करा, न्हाईतर काहीच करू नगा.”

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या शेजारचं. नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारच्या काळात या भागात गांधी लग्नं लागली, त्याचा अण्णांना फार अभिमान. हार घातले की लग्न झालं. अभिमान मलाही आहे. पण ती लग्नं साधी झाली ती शेतकरी कर्जात बुडू नये म्हणून. चार हळकुंडांनी कुणी कर्जबाजारी होत नाही, हे मी अण्णांना तेव्हाही सांगितलं होतं.

मला हळद का हवी होती ते सांगते. मी सातवीत असताना वडील गेले. पुढं चुलतबहिणीच्या लग्नात सवाष्णी जात्याभोवती बसल्या आणि आई परात हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली. ती हळद आमच्याच रानातली, सेलम जातीची. काहिलीत शिजवायला, वाळवायला आईच होती. हंगामात तिच्या नखांचा पिवळेपणा महिना-महिना जायचा नाही. आणि दळताना मात्र तिनं हात लावायचा नाही.

तेव्हाच ठरवलं, माझ्या लग्नात हळद होणार आणि जात्याला पहिला हात आईचा लागणार. त्या दिवशी ती येऊन बसली, पण हात खुंट्याकडं जाईना. “नको गं, उगं तुझ्या संसाराला...” एवढंच म्हणाली. समोर आजी बसली होती. तीही विधवाच. तिनं काही न बोलता आईचं मनगट धरलं आणि खुंट्यावर ठेवलं. खुंटा सैल होता, चिंधी कोंबून बसवलेला. पहिले दोन वेढे रिकामेच गेले. मग आजीनं कुटलेल्या हळकुंडांची मूठ टाकली आणि ओवी धरली. तिसऱ्या ओवीला आईचा आवाज आला. अण्णा उठून बाहेर गेले. त्यांनी हळद लावून घेतली नाही.

ही गोष्ट वेडेपणाची नाही. 2022 च्या मे महिन्यात शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड गावाच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पाठोपाठ शासनाचं परिपत्रक निघालं. आमच्या जात्यापाशी ते अकरा वर्षं आधी झालं होतं.

‘सगळं किंवा काहीच नाही’ हे कायदाही म्हणत नाही. रजिस्टर लग्न ज्याखाली लागतं त्या 1954 च्या विशेष विवाह कायद्याचं कलम 12 वाचा. तुम्हाला हवी त्या पद्धतीनं लग्न लावता येतं; फक्त विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना स्वीकारल्याचं वाक्य, तुम्हाला समजेल त्या भाषेत, म्हणावं लागतं. आणि जोतीराव फुल्यांनी काय केलं? पहिला सत्यशोधक विवाह 25 डिसेंबर 1873 चा. त्यांनी भटजी काढला, पण मंगलाष्टका काढल्या नाहीत, नव्या लिहिल्या. त्यात नवरीच नवऱ्याकडं बायकांच्या हक्काचं वचन मागते. तुम्ही साताऱ्याचे आहात म्हणून सांगते, फुल्यांचं मूळ गाव कटगुण तुमच्याच खटाव तालुक्यात आहे. घरच्यांना हे सांगा.

आता तुमचं विचारलेलं. कन्यादान टाका, त्यावर चर्चाही नको. मुलगी दान द्यायची वस्तू नाही. पाय धुणं टाका. मंगळसूत्र तिचं तिनं ठरवावं, मी घालत नाही. उखाणा ठेवा, पण दोघांनी घ्यायचा. मामा पाठीशी उभा राहतो ते ठेवा. माझ्या मामानं आम्हाला बारा वर्षं सांभाळलं, तो पाठीशी नसता तर मला लग्न झाल्यासारखं वाटलं नसतं. गोंधळाचं मात्र, दोघांचीही श्रद्धा नसेल तर तुम्ही घालू नका. सासूबाईंना हवा असेल तर त्यांनी त्यांच्या घरी, त्यांच्या नावानं घालावा; तिथं जेवायला जायला काहीच हरकत नाही.

विवाह अधिकाऱ्याकडं लग्नाची नोटीस लवकर द्या, तीस दिवस धरूनच तारीख काढा.

एक सांगायचं राहिलं. माझ्या सासरी कुणी आडवं आलं नाही, म्हणून मला हे जमलं. आणि आईला कासाराकडून हिरवा चुडाही भरायचा माझा हट्ट होता. तिनं हात मागं घेतला, “ते नगं.” मी पुन्हा म्हटलं नाही. तुमच्या घरातही कुणी हात मागं घेतला, तर ओढू नका. अण्णांना मात्र मी अजूनही दर दिवाळीला घरची दळलेली हळद पाठवते.